गच्चीवरच्या दुर्बिणीतून आधी चित्र काढा, मग फोटो काढा

नवीन दुर्बीण घेतलेल्या माणसाचा पहिल्याच रात्रीचा प्रश्न ठरलेला असतो, याला मोबाईल कसा लावायचा? लावता येतो, आणि खाली मी ते सगळं सांगणारच आहे, पण त्याआधी एक कळकळीची विनंती. ज्याचा फोटो काढायचाय त्याचं आधी पेन्सिलीने चित्र काढा, त्याच रात्री, त्याच दुर्बिणीतून. चित्रकला यायची अजिबात गरज नाही. चंद्रावरच्या एकाच विवराकडे वीस मिनिटं बघत बसलं की जे दिसायला लागतं ते पहिल्या मिनिटाला दिसलेलं नसतं, आणि एकदा ते नीट बघून झालं की फोटो काढताना फोकस कशावर करायचा, उजेड किती कमी करायचा, नक्की काय जास्त उजेडाने पांढरं फटक होऊन चाललंय हे तुमचं तुम्हालाच कळतं. नुसते फोटो काढणारे खूप जण सहा महिन्यांत दुर्बीण माळ्यावर टाकतात, वही ठेवणारे शक्यतो टाकत नाहीत, हे मी आजूबाजूला बघत आलेय.

माझ्याकडे ६ इंची डॉब्सोनियन आहे, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, फोकल लेंथ १२०० मिमी, आणि दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं), २५ मिमी आणि १० मिमी, म्हणजे ४८ पट आणि १२० पट. जागा म्हणजे पुण्यातल्या सोसायटीची गच्ची. खालचे आकडे या दुर्बिणीचे आहेत, तुमची वेगळी असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

आधी गच्चीचं बघू, कारण निम्म्या रात्री तिथेच वाया जातात. स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री ती उष्णता वर सोडत राहतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये रात्री दहा-अकरापर्यंत चंद्र उकळत्या पाण्यातून बघतोय असा हलतो. दुर्बीण तासभर आधी वर नेऊन ठेवा म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होतो. एसीचे आउटडोअर युनिट ज्या बाजूला आहेत त्या बाजूचं आकाश टाळा. टाकीजवळ बसू नका, पंप चालू झाला की १२० पटीत सगळं थरथरतं, आणि गच्चीवर कोणी चालत असेल तरी तेच होतं, त्यामुळे फोटो घेताना सगळ्यांना दोन मिनिटं एका जागी उभं राहायला सांगा. वॉचमनला आणि सेक्रेटरीला आधी सांगून ठेवा, रात्री अकराला गच्चीवर लाल उजेड दिसला की लोक घाबरतात.

लाल उजेड कशाला, तर अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढरा उजेड एकदा डोळ्यात गेला की ती सगळी मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चवर पतंगाचा लाल कागद तीन-चार पदरी करून रबरबँडने लावा, मस्त काम होतं. समोरच्या रस्त्यावरचा एलईडी दिवा डोळ्यात येत असेल तर डोक्यावरून काळी ओढणी किंवा चादर घ्या, डोकं आणि आयपीस दोन्ही झाकून. चंद्रासाठी यातलं काही लागत नाही, तेजोमेघांसाठी, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या अंधुक ढगांसाठी, सगळं लागतं. आणि बसायला स्टूल हवंच, उभं राहून वाकून कोणी अर्धा तास चित्र काढू शकत नाही.

एक गोष्ट मात्र पाळायचीच. दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवायची नाही, दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर लावायचा खास सोलर फिल्टर असल्याशिवाय. आयपीसला लावायचा जो छोटा काळा काचेचा फिल्टर काही जुन्या दुर्बिणींबरोबर मिळतो तो टाकून द्या, तो उष्णतेने तडकतो आणि डोळा जातो. लहान मुलं आसपास असतील तर दिवसा दुर्बीण झाकलेलीच ठेवा.

चंद्रापासून सुरुवात

सामान घरातलंच. मुलांचं परीक्षेचं पॅड, साधे जाड कागद, एचबी, २बी आणि ४बी पेन्सिल, खोडरबर, आणि पसरवायला कापूस. तेजोमेघ आणि तारकागुच्छांसाठी वाटी उपडी ठेवून आधीच दहा-बारा गोल काढून ठेवा, साधारण १० सेंटीमीटरचे, तो गोल म्हणजे आयपीसमधलं तुमचं आकाश. चंद्राच्या एका विवरासाठी गोल नको, मोकळा कागद बरा.

पौर्णिमेचा चंद्र चित्राला आणि फोटोला दोन्हीला वाईट, कारण सावल्याच नसतात, सगळं सपाट दिसतं. आपल्याकडे तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी छापलेलीच असते, तिचा उपयोग करा. शुद्ध पंचमी-षष्ठीला थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही तीन विवरं एका ओळीत उजेड-अंधाराच्या सीमेवर येतात, या सीमेला टर्मिनेटर म्हणतात. अष्टमीच्या आसपास मधोमध टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि आर्झाकेल. नवमी-दशमीला कोपर्निकस, ९३ किलोमीटर रुंद, आत पायऱ्या-पायऱ्यांच्या भिंती आणि मधे डोंगर, आणि पहिल्या चित्रासाठी मी कोणालाही हाच सांगते. सगळा चंद्र काढायला जाऊ नका. एकच विवर घ्या आणि कागदावर पाच-सहा सेंटीमीटरचं काढा, छोटं काढलं की तपशील मावत नाही आणि मोठं काढलं की आपण मनाने भरायला लागतो.

१० मिमी आयपीस लावा आणि पहिली पाच मिनिटं पेन्सिल हातात घेऊ नका, नुसतं बघा. मग एचबीने अगदी हलका बाह्याकार, तो पूर्ण गोल नसतो हे लगेच जाणवेल. त्यानंतर लगेच सावल्या, आधी सावल्याच, कारण टर्मिनेटर चंद्राच्या विषुववृत्तावर तासाला साधारण १५ किलोमीटर सरकतो आणि अर्ध्या-पाऊण तासात विवरातली सावली खरंच बदललेली दिसते, आत दडलेलं एखादं शिखर उजळून बाहेर येतं. सावलीची कड पहिल्या दहा मिनिटांत पक्की करायची आणि नंतर बदलायची नाही, बाकीचं सावकाश. ४बीने सावली पूर्ण काळी भरा, घाबरत घाबरत राखाडी करू नका. सगळ्यात चकचकीत भिंत म्हणजे कोरा कागद, तिथे पेन्सिल लावायचीच नाही. मधल्या छटा २बीने घासून कापसाने पसरवा आणि डोंगराची टोकं खोडरबराच्या कोपऱ्याने उचलून काढा. हवा हलत असते, त्यामुळे दर काही सेकंदांनी एक क्षण येतो जेव्हा सगळं एकदम सुईसारखं स्पष्ट होतं, त्या क्षणाची वाट बघायची आणि त्यात जे दिसलं तेच कागदावर उतरवायचं. नाही दिसलं ते काढायचं नाही, माहीत असलं तरी.

दुर्बिणीतून चंद्राचं चित्र गॅलिलिओच्याही आधी थॉमस हॅरियट नावाच्या इंग्लिश माणसाने काढलं होतं, त्या वेळच्या इंग्लिश कॅलेंडरने २६ जुलै १६०९ ला, सहा पटीच्या नळीतून. त्या चित्रात टर्मिनेटरची वेडीवाकडी रेघ आणि काही डाग आहेत, विवरं नाहीत. गॅलिलिओने त्याच वर्षाच्या शेवटी चित्रं काढली, त्याला छाया-प्रकाशाची चांगली जाण होती, त्याने त्या वाकड्या रेघेत डोंगर आणि दऱ्यांच्या सावल्या ओळखल्या आणि १६१० मध्ये ते छापलं. त्यानंतरच्या हॅरियटच्या चित्रांत मात्र विवरं आहेत. चंद्र तोच, आणि डोळा बघायला शिकतो म्हणजे काय ते या दोघांच्या कागदांवर दिसतं. म्हणून पहिलं चित्र डागांसारखं आलं तर फाडू नका.

चित्राशेजारी तारीख, वेळ, आयपीस, किती पट, आणि हवा किती स्थिर होती ते १ ते ५ मध्ये लिहा, १ म्हणजे एकदम स्थिर. दिशाही लिहा. दुर्बीण हलवू नका आणि चंद्र कुठल्या बाजूने बाहेर सरकतोय ते बघा, ती बाजू आकाशातली पश्चिम. डॉब्सोनियनमध्ये चित्र पूर्ण उलटं म्हणजे १८० अंशांनी फिरलेलं दिसतं, भिंगाच्या दुर्बिणीला तिरका आरसा लावला असेल तर वर-खाली बरोबर पण डावं-उजवं उलटं. या एका नोंदीमुळे नंतर नकाशाशी जुळवताना डोकं खाजवावं लागत नाही.

आता मोबाईल. हाताने आयपीसवर धरून चंद्राचा फोटो येतो, पण साधा मोबाईल अ‍ॅडॉप्टर घेतलात तर निम्मी चिडचिड वाचते. आधी २५ मिमी आयपीस लावा, त्यात कॅमेऱ्याचं भिंग बरोबर मधे आणणं सोपं जातं. दोन-तीन कॅमेऱ्यांचा फोन असेल तर मुख्य १एक्स कॅमेराच वापरा, फोन मधेच आपल्या मनाने दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि स्क्रीन काळी होते, तेव्हा दुर्बीण बिघडली असं समजू नका. स्क्रीनवर चंद्राला बोट लावून फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, मग उजेड खाली ओढा, जोपर्यंत तुम्ही चित्रात कोरी ठेवलेली ती चकचकीत भिंत फोटोत पांढरी फटक दिसायची थांबत नाही तोपर्यंत. चित्र काढलेलं असलं की इथे अंदाज करावा लागत नाही, त्या भिंतीत पायऱ्या होत्या हे तुम्ही पाहिलेलं असतं. तीन सेकंदांचा टायमर लावा, बटण दाबायच्या धक्क्याने फोटो हलतो. प्रो मोड असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/१२५ सेकंदापासून सुरू करून वर-खाली करा.

याहून बरा उपाय म्हणजे व्हिडिओ. १० मिमी आयपीसने एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, दुर्बिणीला आकाशामागे फिरवणारी मोटर नसेल तर विवर एका कडेला आणून ठेवा आणि आपोआप सरकू द्या, सरकलं की पुन्हा आणा. घरी येऊन कॉम्प्युटरवर पीआयपीपी या सॉफ्टवेअरमध्ये तो व्हिडिओ एव्हीआय फाइल करून घ्या, मग ऑटोस्टॅकर्टला द्या, तो हजारो फ्रेम तपासून स्थिर हवेतल्या चांगल्या फ्रेम निवडतो आणि एकावर एक बसवतो. वरच्या २० ते ३० टक्के फ्रेम घ्या. मग रजिस्टॅक्समध्ये वेव्हलेटचे, म्हणजे तपशील ठळक करायचे, स्लायडर थोडे उजवीकडे. थोडेच. विवरांभोवती पांढऱ्या कडा दिसायला लागल्या की मागे या. ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. गंमत बघा, सॉफ्टवेअर जे करतं तेच तुम्ही स्टुलावर बसून केलं होतं, चांगल्या क्षणाची वाट बघून तेवढाच उचलला होता.

गुरूचं थोडक्यात. तो दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे चित्र पंधरा-वीस मिनिटांत संपवा आणि व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपेक्षा लांब नको, नाहीतर पट्टे पुसट होतात. फोटोत पट्टे दिसतील इतका उजेड कमी केला की चार चंद्र गायब, चंद्र दिसतील इतका वाढवला की गुरू म्हणजे पांढरा गोळा. डोळ्याला दोन्ही एकदम दिसतात आणि चित्रातही दोन्ही एकदम येतात.

मृगातला तेजोमेघ

शहरातून पहिला तेजोमेघ कुठला, तर मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांच्या खाली लटकणारा एम ४२, दुसरं नाव मनात आणू नका. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास पुण्यातून तो दक्षिणेला ६६ अंश उंचीवर असतो, म्हणजे शहराच्या धुरकट थराच्या पार वर. चंद्र नसलेली रात्र घ्या.

२५ मिमी आयपीस, काळी चादर, अर्धा तास अंधार. कागदावर वाटीचा गोल. आधी तारे, तेही नीट मोजून, ठळक ताऱ्याला मोठा ठिपका आणि मंदाला छोटा, गोलाला घड्याळ समजून कुठला तारा किती वाजताच्या जागी आहे ते बघत बसवा. मधोमध चार ताऱ्यांचा छोटा चौकोन दिसेल, ट्रॅपेझियम, तो आधी पक्का करा, बाकी सगळ्याची मापं त्यावरून निघतात. मग तेजोमेघ. सरळ त्याच्याकडे बघू नका, किंचित बाजूला नजर ठेवा, कारण मंद प्रकाश पकडणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यावर नसतात, बाजूला असतात. मेघ एकदम पसरल्यासारखा वाटेल, दोन पंख बाहेर येतील आणि ट्रॅपेझियमजवळ एक काळी खाच आत घुसलेली दिसेल. कड संपली असं वाटलं की नळीला हलकी टिचकी मारा, आकाश हललं की जे अंधुक आहे ते हलताना जास्त कळतं, आणि कड अजून पुढे गेलेली निघते. कापसावर पेन्सिलीची पूड घेऊन मेघ लावा, रेघांनी नको. पांढऱ्या कागदावर काळ्या पेन्सिलीनेच काढा आणि सकाळी मोबाईलवर फोटो काढून रंग उलटे करा, काळं आकाश आणि पांढरा मेघ तयार होतो. काळ्या कार्डशीटवर पांढरी पेन्सिल सुंदर दिसते, पण लाल उजेडात तिचा अंदाज येत नाही.

रंग दिसणार नाही. राखाडी दिसेल, फार तर हिरवट. लोक इथे हिरमुसतात, पण त्या मंद प्रकाशात डोळा रंग ओळखूच शकत नाही, त्यात दुर्बिणीचा दोष नाही.

रंग कॅमेऱ्याने घ्यायचे, आणि त्यासाठी दुर्बिणीला मोटर नसली तरी चालतं, फक्त दुर्बीण बाजूला ठेवायची. जुना डीएसएलआर, ५० मिमीची स्वस्तातली लेन्स आणि बऱ्यापैकी जड ट्रायपॉड एवढं पुरतं. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला पिशवीत वीट घालून लटकवा. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः न बदललेली, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/२.८ वर, कारण एफ/१.८ ला कोपऱ्यातले तारे पंख फुटल्यासारखे येतात. आयएसओ १६००. पृथ्वी फिरतेय, त्यामुळे शटर किती वेळ उघडं ठेवायचं याला मर्यादा आहे, जुना ठोकताळा ५०० ला फोकल लेंथने भागायचं असा होता, क्रॉप म्हणजे छोट्या सेन्सरवर ५० मिमी म्हणजे ७५ धरा, उत्तर साडेसहा सेकंदांच्या थोडं वर येतं. आत्ताच्या कॅमेऱ्यांना ते जास्त होतं, मी ३ सेकंदच घेते. लेन्सचं स्टॅबिलायझेशन असेल तर बंद, लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद.

फोकस सगळ्यात महत्त्वाचा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. लाइव्ह व्ह्यू चालू करा, व्याधावर कॅमेरा वळवा, स्क्रीनवर १० पट झूम करा आणि तारा सगळ्यात बारीक होईपर्यंत रिंग केसभर फिरवा, मग रिंगवर चिकटपट्टी लावा. एका जानेवारीत माझे दीडशेच्या वर फोटो धूसर आले होते, फोकस बरोबर होता पण मधेच लेन्सवर दव बसलं आणि मी तासभर तपासलंच नाही. तेव्हापासून दर तीस फोटोंनंतर लेन्सवर लाल टॉर्च मारून बघते, आणि योगा मॅटच्या तुकड्याची नळी करून लेन्सला पुढे लावते. तरीही दव बसलंच तर लांबून हेअर ड्रायर, कापडाने पुसू नका.

असे २०० ते ३०० फोटो घ्या, शंभर झाले की मृग पुन्हा मधे आणा. मग लेन्सला झाकण लावून त्याच आयएसओला आणि तितक्याच सेकंदांचे वीस-तीस फोटो, ते डार्क, गच्चीवरच घ्यायचे, घरात आल्यावर नाही, कारण सेन्सरचं तापमान तेच हवं. मग फ्लॅट, लेन्सवर स्वच्छ पांढरा बनियान ताणून धरायचा, पहाटेच्या किंवा मोबाईलच्या एकसारख्या पांढऱ्या उजेडात वीस फोटो, फोकस न हलवता. लेन्सवरची धूळ आणि कोपऱ्यांतला काळोख यानेच जातो, आणि शहरातल्या फोटोला याची गरज जास्त असते. लोक हाच टप्पा गाळतात.

डीपस्कायस्टॅकर या फोटो एकावर एक बसवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं टाका, ते फुकट आहे. शंभर फोटो एकावर एक बसले की सिग्नलच्या (खऱ्या प्रकाशाच्या) तुलनेत नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, दहाव्या भागावर येतो, चारशेंनी विसाव्या, वर्गमूळाचा हिशोब आहे, म्हणून पहिले शंभर फार देऊन जातात आणि नंतरची मेहनत वाढत जाते. मग सिरिल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे शहराची ती पिवळट धग निघते, आणि त्यानंतर स्ट्रेच, म्हणजे अंधुक भाग उजळवून दिसेल असा करणं. आकाश पूर्ण काळं करू नका, गडद राखाडी ठेवा, नाहीतर मेघाच्या बाहेरच्या मंद कडा कापल्या जातात, ज्या तुम्ही टिचकी मारून शोधल्या होत्या. गुलाबी रंग हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटरचा, साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर तो बराचसा अडवतो म्हणून भडक लाल येत नाही, आणि जेवढा आलाय तेवढाच ठेवा, सॅच्युरेशन ओढून लाल करू नका.

ट्रॅकर, म्हणजे कॅमेरा आकाशाबरोबर हळूहळू फिरवणारं यंत्र, घ्यायचा विचार असेल तर आधी गच्चीवरून ध्रुव तारा दिसतो का ते बघा. पुण्यात तो जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो, समोर आठ मजली इमारत असेल तर गेला, आणि ट्रॅकरचा अक्ष त्याच्याकडेच रोखायचा असतो. मी तरी आधी एक हिवाळा नुसत्या ट्रायपॉडवर काढा म्हणेन.

दुसऱ्या दिवशी चित्र आणि फोटो शेजारी ठेवा. फोटोत ट्रॅपेझियम बहुतेक वेळा पांढऱ्या डागात बुडालेलं असेल, चित्रात चारही तारे वेगळे असतील. चित्रात तुमचं एखादं अंतर चुकलेलं असेल, फोटोत बरोबर असेल. इथे एक नियम कडक पाळा, फोटो बघून चित्र दुरुस्त करायचं नाही. चूक दिसली तर शेजारी निळ्या पेनाने लिहा. ते चित्र म्हणजे त्या रात्री तुमच्या डोळ्याला काय दिसलं याची साक्ष आहे, आणि लॉर्ड रॉस या निरीक्षकाने १८४५ मध्ये एम ५१ या दीर्घिकेचं सर्पिल पहिल्यांदा कागदावर आणलं तेव्हा दुरुस्त करायला त्याच्याकडे फोटोच नव्हता.

एकट्याने अडत असेल तर पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईकडे खगोल मंडळ, तिथे तुमच्याहून जास्त रात्री काढलेली माणसं भेटतात. आणि कधी विदर्भात गेलात तर पेंचचं आकाश बघा, जानेवारी २०२४ मध्ये त्याला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे काळोख जपलेलं आकाश असलेलं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली आहे.

पावसाळ्याआधी एक काम राहतं, ते मेसाठी ठेवा. मेच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमारास चित्रा तारा दक्षिणेला उंच असतो, त्याच्यापासून सरळ खाली या, हात लांब करून साडेतीन मुठी, म्हणजे ३६ अंश, तिथे नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोल गुच्छ आहे, क्षितिजापासून २४ अंशांवर. लंडन-पॅरिसवाल्यांना तो घरून कधीच दिसत नाही, आपल्याला गच्चीवरून दिसतो. डोळ्यांना शहरातून नाही सापडणार, फाइंडरमध्ये, म्हणजे दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीत, धुराचा ठिपका म्हणून सापडेल. ४८ पटीत तो रवा सांडल्यासारखा दिसतो, आणि काढताना आधी कापसाने मऊ गोल उजेड लावायचा, मग टोक केलेल्या एचबीने त्यावर ठिपके, मधे दाट आणि कडेला विरळ, मोजायला जायचं नाही. मग ५० मिमीने ३ सेकंदांचे शंभर फोटो.